रक्तातला आकडा आणि आयुष्याची दोरी

हृदयाच्या स्नायूपेशींत ट्रोपोनिन नावाचे प्रथिन असते. कॅल्शियमचा इशारा मिळाला की स्नायूचे आकुंचन सुरू करायचे आणि तो ओसरला की थांबवायचे, हे त्याचे काम. पेशी धडधाकट असते तोवर हे प्रथिन तिच्या आतच राहते. रक्तात त्याचा जेमतेम मागमूस लागतो. रोहिणीत गुठळी अडकून रक्तपुरवठा तुटला आणि पेशी मरू लागल्या की काही तासांत ते रक्तात उतरते. त्याच्या तीन घटकांपैकी आय आणि टी या दोघांची हृदयातली घडण हातापायांच्या स्नायूंतल्या घडणीहून वेगळी असते, म्हणून रक्तात सापडलेले ट्रोपोनिन हृदयातूनच आले हे ओळखता येते. त्याआधीच्या खुणा इतक्या नेमक्या नव्हत्या. १९५४ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यासाठी वापरात आलेली पहिली खूण म्हणजे एसजीओटी. ती यकृत बिघडले तरी वाढते. पुढे सीपीके-एमबी आली. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली. निरोगी माणसांतील ९९व्या शतमकाच्या वर गेलेली पातळी म्हणजे हृदयाच्या स्नायूला झालेली इजा, असे आज मानले जाते.

ही झाली निदानाची बाजू. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. ‘झटका आला का’ याचे उत्तर मिळून गेलेले असते. आता ‘यातून उठतील ना’ हे विचारायचे असते. आणि गेल्या तीसेक वर्षांत वैद्यकाने याही प्रश्नासाठी रक्ताकडेच धाव घेतली आहे. म्हणजे आज नसेतून काढलेल्या काही थेंबांवरून अजून न घडलेल्या गोष्टीबद्दल बोलायचे. असे बोलण्याचा अधिकार कोठून येतो आणि कोठे संपतो, हा प्रश्न वैद्यकाहून जुना आहे. भारतीय तर्कशास्त्राने तो धूर आणि अग्नी, ढग आणि पाऊस यांच्या भाषेत बारकाईने तपासला होता.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या दोघांचा भाष्यकार वात्स्यायनाने दिलेला अर्थ येथे पुरेसा आहे. ढग दाटून आले की पाऊस पडणार असे म्हणणे हे कारणावरून कार्याचे अनुमान, म्हणजे पूर्ववत्. नदी दुथडी भरून वाहू लागली की वर कोठेतरी पाऊस पडून गेला असे म्हणणे हे कार्यावरून कारणाचे अनुमान, म्हणजे शेषवत्. ट्रोपोनिनची एकच चाचणी ही दोन्ही अनुमाने करते. रक्तात ट्रोपोनिन आले, म्हणजे हृदयात पेशी मेल्या: हा नदीचा पूर. ट्रोपोनिन फार वाढले, म्हणजे या रुग्णाला पुढे धोका अधिक: हे दाटलेले ढग. रिपोर्टच्या कागदावर आकडा एकच छापलेला असल्यामुळे हा फरक सहज निसटतो. जे घडून गेले त्याच्या पुराव्याचे वजन, जे घडायचे आहे त्याच्या अंदाजाला फुकटात मिळून जाते.

न्यायसूत्रांत पूर्वपक्षाने अनुमानावर घेतलेला आक्षेप तर आजच्या डॉक्टरांच्या चर्चेत शोभावा असा आहे. नदीचे पाणी पावसानेच वाढते असे नाही, खाली कोणी बांध घातला तरी ते चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या तर पाऊस जवळ आला म्हणावे, पण त्यांचे वारूळ कोणी उकरले असले तरी त्या निघतात. मोराचा केका ऐकू आला, पण आवाज काढणारा माणूसही असू शकतो. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा हा आक्षेप. उत्तर असे दिले आहे की पावसाच्या पुराची खूण नुसते वाढलेले पाणी ही नाही. वेगाची धार, फेस, वाहून आलेली फळे, पाने, लाकडे हे सारे मिळून खूण होते. बांधाने तुंबलेल्या पाण्यात ते नसते. चूक अनुमानाची नाही, अर्धवट खुणेला पुरी खूण मानणाऱ्याची आहे.

ट्रोपोनिनचे बांध पुष्कळ आहेत. किडनी निकामी होत आलेल्या माणसात ते कायमच थोडे चढलेले सापडते. जंतुसंसर्ग रक्तात भिनला, फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी गेली, हृदयाच्या स्नायूला सूज आली, तरी ते वाढते. मॅरेथॉन धावून आलेल्या निरोगी माणसातही काही काळ वाढलेले दिसते. म्हणून एका नमुन्यावर न थांबता काही तासांच्या अंतराने दुसरा घेतात आणि पातळी चढते आहे, उतरते आहे की जागच्या जागी आहे हे पाहतात. जोडीला छातीतले दुखणे, ईसीजी, सोनोग्राफीत दिसणारी हृदयाची हालचाल. हाच तो फेस आणि ही लाकडे. लॅबच्या रिपोर्टखाली बारीक अक्षरांत ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा अर्थाची ओळ असते. ती वात्स्यायनाचे उत्तर थोडक्यात सांगते. (यावरून प्राचीनांना ट्रोपोनिन ठाऊक होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तोच पूर्वपक्ष पुन्हा वाचावा.)

ढगांचे अनुमान याहून अवघड. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अस्थिर अंजायना किंवा छोटा झटका घेऊन आलेल्या १,४०४ रुग्णांचे ट्रोपोनिन-आय दाखल होताना मोजले होते. पातळी दर मिलिलिटरला ०.४ नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांत ४२ दिवसांत १ टक्का रुग्ण दगावले. पातळी पायरी-पायरीने चढत गेली तसे हे प्रमाणही चढत गेले आणि ९ नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक असलेल्यांत ते ७.५ टक्क्यांवर पोचले. इतकी नीट चढण वैद्यकात क्वचितच पाहायला मिळते, आणि त्यामुळेच या चाचणीला भाकिताची प्रतिष्ठा आली. पण तोच आकडा उलटा वाचला तर सर्वांत वाईट गटातलेही शंभरातले ९२-९३ जण ४२व्या दिवशी जिवंत होते. आणि खाटेवरचा एक माणूस साडेसात टक्के मरत नाही. तो एकतर मरतो किंवा जगतो.

मग ते साडेसात टक्के कोणाचे? रिचर्ड फॉन मिझेस या गणितज्ञाने याचे उत्तर कोरडेपणाने दिले: संभाव्यता ही समुदायाची गोष्ट आहे; एका विशिष्ट माणसाच्या मृत्यूची संभाव्यता या शब्दांना अर्थच नाही, त्याच्या प्रकृतीची कितीही माहिती असली तरी. त्याच्या आधी, १८६६ मध्ये, जॉन व्हेनने अडचण वेगळ्या बाजूने मांडली होती. एकच माणूस एकाच वेळी अनेक गटांत मोडतो. पंचावन्न वर्षांचा पुरुष, मधुमेही, तंबाखू खाणारा, नियमित चालणारा, वडील चाळिशीत झटक्याने गेलेला, आज ट्रोपोनिन वाढलेला. प्रत्येक गटाचा मृत्युदर वेगळा निघतो. सगळी वैशिष्ट्ये एकत्र धरत गेले तर गट लहान होत होत शेवटी त्यात तो एकटाच उरतो, आणि एका माणसाचा मृत्युदर काढायचा तर तो मरेपर्यंत थांबावे लागेल. भारतीय रुग्णाला ही अडचण अधिक बोचते. धोका मोजण्याच्या पट्ट्या बहुतांशी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावासारख्या ठिकाणच्या लोकांवर तयार झाल्या. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९च्या सुमारास. पट्टी एका गावची आणि मापायचे अंग दुसऱ्या गावचे, असा हा प्रकार.

एवढ्यावरून आकडा टाकून द्यायचा काय? चार्वाकांचा आग्रह साधारण तसाच होता. सर्व काळातले धूर आणि सर्व अग्नी कोणी पाहिलेले नाहीत, म्हणून धुरावरून अग्नी सांगता येत नाही, असे ते म्हणत. नैयायिक उदयनाने न्यायकुसुमांजलीत त्यांना वागण्याच्या कसोटीवर धरले: शंकेला मर्यादा आहे, आणि ती आपल्याच कृतीशी विरोध आला की लागते. धुरासाठी विस्तव पेटवणाऱ्याला धूर आणि विस्तव यांच्या नात्याबद्दल शंका घेण्याचा हक्क उरत नाही. आयसीयूतही तसेच आहे. टक्केवारीला अर्थ नाही म्हणणारा डॉक्टरसुद्धा ट्रोपोनिन चढत असलेल्या रुग्णाला त्या रात्री घरी पाठवत नाही. टक्केवारी रुग्णाच्या अंगात नसते. डॉक्टरच्या अपुऱ्या ज्ञानाचे ते माप असते, पण त्या अपुऱ्या ज्ञानावरच आजची रात्र काढायची असते.

ज्ञान अपुरे असले की आणखी खुणा गोळा कराव्याशा वाटतात. फ्रॅमिंगहॅमच्याच ३,२०९ रहिवाशांवर हा प्रयोग झाला आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह या जुन्या घटकांच्या जोडीला रक्तातल्या दहा नव्या खुणा घेतल्या, तरी कोणाला धोका जास्त हे ओळखण्याची ताकद थोडीशीच वाढली. ही माणसे हृदयरोगी नव्हती, हे खरे. आजारी माणसांत खुणांचे बोलणे अधिक स्पष्ट असते. तरीही वय विचारायला लॅब लागत नाही आणि ते पुष्कळ काही सांगून जाते, ही गोष्ट नव्या चाचण्यांच्या उत्साहात विसरली जाते.

खूण आणि कारण यांतला घोटाळा याहून महाग पडलेला आहे. न्यायपरंपरेत त्यासाठी ‘उपाधी’ हा नेमका शब्द आहे. जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर होतो तो ओल्या लाकडाशी गाठ पडल्यामुळे. ते ओले लाकूड ही उपाधी: दोन गोष्टींचे साहचर्य दिसते ते तिसऱ्याच गोष्टीच्या जोरावर. सीआरपी हे प्रथिन याचे चांगले उदाहरण. १९३०मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेले हे प्रथिन अंगातली सूज दाखवते. ते थोडे जरी चढलेले असले तरी पुढे झटक्याचे प्रमाण अधिक दिसते, हे १९९०च्या दशकात लक्षात आले. मग तेच रोहिण्या बिघडवते की काय, अशी शंका आली. निवाडा निसर्गानेच करून ठेवला होता. काही लोकांत जन्मजात जनुकांमुळे सीआरपी जास्त असते; ते खरोखर कारण असते तर या लोकांना झटके जास्त यायला हवे होते. मोठ्या गटांत तपासले तेव्हा तसे आढळले नाही. लठ्ठपणा, तंबाखू, रोहिणीच्या भिंतीतली धुमस ही ओली लाकडे. सीआरपी हा त्यांचा धूर. २०१७च्या कँटोस अभ्यासात दहा हजारांवर रुग्णांपैकी काहींना ही धुमसच वरच्या पायरीवर अडवणारे, म्हणजे इंटरल्युकिन-१-बीटाला रोखणारे, औषध दिले. कोलेस्टेरॉल न हलता झटक्यांसारख्या घटना एका मात्रेच्या गटात १५ टक्क्यांनी घटल्या. एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत आणि जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. धूर पुसून उपयोग नसतो, आणि आग विझवताना घरात पाणी शिरते.

बीएनपीची कथा याच जातीची. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात मेंदू (‘बी’ म्हणजे ब्रेन) चिकटून राहिला. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या जवनिकेत तयार होते, तेही तिच्या भिंतीवर ताण आला की. हृदय थकले, रक्त साचू लागले, भिंत ताणली गेली, की हृदय स्वतःच हे संप्रेरक सोडून किडनीला क्षार आणि पाणी बाहेर टाकायला सांगते. म्हणजे ही खूण मेलेल्या पेशीचा अवशेष नाही. ती जिवंत अवयवाची हाक आहे. तिच्या सोबत्याची, एनटी-प्रोबीएनपीची, पातळी जितकी चढी तितका पुढचा काळ बिकट, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे; अर्थात वय आणि किडनीचे दुखणे ती वाढवतात, लठ्ठपणा उतरवतो. मग वाटणारच की उपचार या आकड्याकडे पाहून केले तर माणसे अधिक जगतील. अमेरिका आणि कॅनडातील गाइड-आयटी चाचणीत ८९४ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधे एनटी-प्रोबीएनपी दर मिलिलिटरला १,००० पिकोग्रॅमच्या खाली आणण्याच्या इराद्याने वाढवली, बाकीच्यांची नेहमीच्या पद्धतीने. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण दोन्हीकडे ३७ टक्के निघाले आणि चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. त्याच औषधांनी त्याच रुग्णांवर जे करायचे ते डॉक्टर आकड्यावाचूनही करत होते.

आता दैवाचा प्रश्न. आयुष्य ठरलेले असते की नसते, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने थेट विचारले आहे. त्याचे गुरू आत्रेय यांचे उत्तर एकेरी नाही. दैव म्हणजे पूर्वी केलेले कर्म, पुरुषकार म्हणजे आता केलेले. आयुष्य या दोहोंच्या बलाबलावर ठरते. सगळ्यांचे आयुष्य नियत असते तर औषध, पथ्य, विषापासून जपणे, काहीच करण्याचे कारण उरले नसते. दाखला गाडीच्या आसाचा आहे. चांगला आस नीट वापरला तर झिजून आपल्या वेळी मोडतो. तोच आस जास्त ओझे, वाईट रस्ता, वंगणाचा अभाव यांनी वेळेआधी मोडतो. पहिला कालमृत्यू, दुसरा अकालमृत्यू. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ ही मराठी म्हण थोड्या वेगळ्या वळणाने याच भेदावर उभी आहे. योगवासिष्ठात दैव आणि पौरुष दोन एडक्यांसारखे टकरा घेतात आणि बळकट असेल तो जिंकतो. संयुत्तनिकायात तर बुद्धाने सर्व सुखदुःख पूर्वकर्माचेच म्हणणाऱ्यांना चुकीचे ठरवून पित्त, कफ, वात, ऋतू, अपघात अशी निराळी कारणे मोजून दिली आहेत.

या विचारात रक्तातल्या खुणा कोठे बसतात? लायपोप्रोटीन-ए ही खूण प्रारब्धाच्या सर्वांत जवळ जाते. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये ती शोधली. तिची पातळी बहुतांशी एका जनुकावर ठरते, लहानपणीच स्थिर होते आणि आहाराने, व्यायामाने फारशी हलत नाही. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेली तर रोहिण्यांच्या रोगाचा धोका वाढतो, आणि येथे जनुकांची साक्ष सीआरपीच्या उलट आहे: ही खूण स्वतःच कारणांपैकी एक आहे. वेदान्तात प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा देतात. तो भात्यात परत येत नाही. उपमा येथवर चालते. पुढे मोडते, कारण हा बाण एकटा लागत नाही. एलडीएल, रक्तदाब, तंबाखू हे सोबतीचे बाण उतरवले की एकूण धोका घटतो, जरी लायपोप्रोटीन-ए तेवढेच राहिले. आयुष्यात एकदा मोजण्याजोगी ही चाचणी रुग्णाला ‘तुझ्या हाती काही नाही’ असे सांगत नाही. हातात जे आहे त्याची किंमत वाढवून सांगते.

मृत्यूची पूर्वखूण हा विषय चरकाने स्वतंत्र इंद्रियस्थानात मांडला आहे. तिला नाव अरिष्ट. फूल फळाच्या आधी येते तसे अरिष्ट मरणाच्या आधी. फूल येऊन फळ न धरणारी झाडे असतात, पण अरिष्ट दिसून मरण टळले असे होत नाही. टळलेच तर ते अरिष्ट नव्हते, पाहणारा चुकला होता. सुश्रुताने निवारणाची एक फट ठेवली आहे, तीही तप, जप आणि रसायन यांच्यापुरती. तर्क म्हणून चरकाची व्याख्या अभेद्य आहे, कारण ती खोटी ठरूच शकत नाही. ट्रोपोनिन किंवा बीएनपी हे या अर्थाने अरिष्ट नव्हेत. फरक खुणेच्या अचूकपणापेक्षा तिच्यानंतर काय करायचे यात आहे. चरकाचा वैद्य अरिष्ट ओळखल्यावर मरणाचा उच्चार न करता उपचारातून अंग काढून घेतो. आजचा वैद्य वाईट आकडा पाहून अधिक जोराने उपचाराला लागतो. २००१ मधील एका चाचणीत झटपट अँजिओग्राफी आणि पुढचे उपचार करण्याचा फायदा ट्रोपोनिन वाढलेल्यांनाच ठळकपणे झाला होता. ज्यांचे भविष्य वाईट वर्तवले गेले, त्यांचेच बदलता आले. ज्योतिषाचे भाकीत खरे ठरले तर ज्योतिषी जिंकतो. रक्ताचे भाकीत खोटे पाडले तर ते सार्थकी लागते. जेथे पाडता येत नाही, हृदय शेवटच्या पायरीवर निकामी झालेले असते आणि आकडा आठवड्यामागून आठवडे चढतच राहतो, तेथे मात्र तो अरिष्टाच्या फार जवळ येतो, आणि सांगण्याचा प्रश्न उभा राहतो.

चरकाचा नियम असा: विचारल्याशिवाय मरण सांगू नये, विचारले तरी ज्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला आघात होईल तेथे सांगू नये. यात करुणा आहे, पण आघात होईल की नाही हे ठरवणारा वैद्य आहे. मराठी घरांत हे ठरवणे बहुधा नातेवाइकांकडे जाते. वॉर्डाबाहेरच्या बोळात डॉक्टरला गाठून ‘बाबांना काही सांगू नका’ असे सांगितले जाते, आणि बाबा आत पडून सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून अनुमान करत राहतात. ते अनुमानही शेषवत्‌च असते आणि बहुधा बरोबर. न जाणण्याचा हक्क खरा आहे. युनेस्कोच्या १९९७च्या मानवी जनुकसंचाविषयीच्या जाहीरनाम्यात आनुवंशिक तपासणीचे निकाल कळावेत की नाहीत हे ठरवण्याचा हक्क त्या त्या व्यक्तीला दिला आहे. म्हणजे आकडा हवा की नको हे रुग्णालाच आधी विचारायला हवे, शक्यतो रक्त काढण्यापूर्वी. तो नको म्हणाला तर मौन योग्य. त्याला न विचारता इतरांनी ठरवलेले मौन वेगळे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका शस्त्रक्रियेच्या खटल्यात रुग्णाच्या संमतीचा विचार करताना, तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान होती, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येण्याजोगे होते.